तांब्याची गोळी आणि हाती न टिकणारा लोड: .३०-०६ मधला दोष कुठे शोधायचा

घरी स्वतःची काडतुसं भरणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. बोल्ट ॲक्शनची (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट सरकवायची) .३०-०६ मापाची रायफल, शिकारीची, म्हणजे बारीक नळीची आणि खांद्यावर टाकून डोंगर चढता येईल इतक्या वजनाची. शिशाच्या गाभ्याच्या साध्या गोळ्यांनी तिने वर्षानुवर्षं शंभर यार्डांवर सव्वा इंचाच्या आत ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचे पुंजके, दिले. मग बार्न्स कंपनीची टीटीएसएक्स ही १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) तांब्याची गोळी भरायला घेतली. पावडरची चार-पाच वजनं करून पाहिली, त्यातल्या एकाने तीन गोळ्या पाऊण इंचात टाकल्या. लोड, म्हणजे गोळी आणि पावडरचा नेमका मेळ, मिळाला म्हणून त्याच मापाची पन्नास काडतुसं भरून ठेवली. पुढच्या खेपेला त्याच काडतुसांचा ग्रुप दोन इंच. पावडर बदलली, पुन्हा एक देखणा ग्रुप, पुन्हा पुढच्या खेपेला तो विस्कटला. गोळ्यांचे दोन-तीन डबे आणि एक अख्खा उन्हाळा यात जातो, आणि शेवटी "माझ्या रायफलला ही गोळी मानवत नाही" असा निकाल लागतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. कधी लोड मुळात सापडलेलाच नसतो, तीन भोकांवरून तसं वाटलेलं असतं. कधी रायफलीत काहीतरी सैल असतं किंवा नळीत जुनं तांबं बसलेलं असतं. आणि बऱ्याचदा गोळी आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) फार जवळ बसवलेली असते, कारण शिशाच्या गोळ्यांवर आपण तेच शिकलेलो असतो. पावडरचं वजन या सगळ्यांच्या नंतर येतं, पण बदलायला तेच सगळ्यात सोपं, म्हणून सगळे आधी तेच बदलतात.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. या लेखात पावडरचं एकही वजन दिलेलं नाही आणि ते मुद्दाम. वजन गोळीच्या किंवा पावडरच्या उत्पादकाच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं, त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करायची, आणि तो तक्ता त्याच गोळीचा असायला हवा. १६८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा तक्ता १६८ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला लागू होत नाही. दुसरी गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी: परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर तिथे शिकारीचा प्रश्नच उरत नाही. हे सगळं अमेरिकेत, परवानगी असलेल्या ठिकाणी शिकार करणाऱ्यांसाठी लिहिलं आहे.

तांब्याच्या गोळीचा आग्रह कशासाठी, हेही सांगतो. कॅलिफोर्नियात २०१३ साली एबी ७११ हा कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यात कुठल्याही शिकारीसाठी शिशाची गोळी वापरायला बंदी आली. कारण कॅलिफोर्निया काँडोर. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांमधले शिशाचे बारीक कण खाऊन हे गिधाड विषबाधेने मरत होतं. बे एरियात किंवा सॅक्रामेंटोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या माणसांना हरिण किंवा रानडुक्कर मारायचं असेल तर शिसं नसलेली गोळी हाच पर्याय आहे. मला व्यक्तिशः तो कायदा नसता तरी ही गोळी आवडली असती. ती तुटत नाही, आरपार जाते, आणि घरच्या ताटातल्या मांसात शिसं जात नाही.

तीन गोळ्यांचा ग्रुप काय सांगतो

इथे थोडं थांबून आकडे पाहायला हवेत, कारण या दुखण्याचं मूळ इथेच आहे.

समजा तुमची रायफल आणि तुमचा लोड अगदी स्थिर आहेत, काहीही बदललेलं नाही, आणि तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १ इंचाचे येतात. तर त्याच रायफलचे पाच गोळ्यांचे ग्रुप सरासरी सुमारे १.२७ इंचाचे आणि दहा गोळ्यांचे सुमारे १.५८ इंचाचे येतील. रायफल बिघडलेली नाही. गोळ्या वाढल्या की टोकाला पडणाऱ्या एखाद्या गोळीची शक्यता वाढते, एवढंच.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. सरासरी १ इंच असली तरी तीन गोळ्यांचा एकेक ग्रुप खूप वर-खाली होतो. तोच लोड आज अर्ध्या इंचाचा ग्रुप देईल आणि पुढच्या आठवड्यात दीड इंचाचा, आणि दोन्ही वेळा तो तितकाच चांगला किंवा तितकाच वाईट असेल. आता आठ वेगवेगळी वजनं भरा, प्रत्येकाच्या तीन गोळ्या मारा आणि त्यातला सर्वांत लहान ग्रुप निवडा. आठही लोड अगदी सारखे असले तरी त्यातला एखादा देखणा दिसणारच. त्यालाच आपण "सापडला" म्हणतो, आणि पुढच्या वेळी तो आपल्या सरासरीवर परत येतो. "एक गोळी भलतीकडे गेली, माझाच हात हलला असेल" असं म्हणून ती सोडून देणं हाही याच खोटेपणाचा भाग आहे. हात हलल्याचं ट्रिगर दाबताना कळलं असेल तर गोष्ट वेगळी; लक्ष्य पाहिल्यावर सुचलं असेल तर ती गोळी मोजायची.

मग बारीक नळीच्या रायफलने दहा गोळ्या कशा मारायच्या? चौथ्या-पाचव्या गोळीला नळी तापते आणि ग्रुप सरकायला लागतो. उपाय सोपा आहे. तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारा, मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा, प्रत्येक ग्रुपसाठी वेगळा कागद पण निशाणा धरण्याचा बिंदू तसाच. घरी आल्यावर ट्रेसिंग पेपर घ्या, निशाण्याचा बिंदू जुळवून सगळी भोकं एकाच कागदावर उतरवा. दोन वेगवेगळ्या दिवसांचे असे कागद मिळून दहा-बारा भोकं झाली की जो आकार दिसेल तोच तुमच्या लोडचा खरा आकार. तो पावणेदोन इंचाचा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. तोच कालही होता.

एका बाबतीत मात्र तीन गोळ्या पुरतात: लोड वाईट आहे हे कळायला. पहिल्या तीनच गोळ्या अडीच इंचात पसरल्या तर तो लोड पुढे सरासरीने पाऊण इंचाचा निघण्याची आशा धरू नये. टाकून देण्यासाठी तीन गोळ्या चालतात, निवडण्यासाठी नाही.

आधी रायफल

नवा लोड भरण्याआधी जुनं, खात्रीचं काडतूस मारून पाहा. कारखान्याचं असेल तर उत्तम. त्यानेही ग्रुप विस्कटला तर प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) बंद करा आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या.

स्कोपच्या (दुर्बिणीच्या) बेसचे स्क्रू, रिंगांचे स्क्रू आणि स्टॉकमध्ये (रायफलच्या दस्त्यात) ॲक्शन, म्हणजे बोल्टचा भाग, धरणारे स्क्रू, तिन्ही टॉर्क रेंचने उत्पादकाने सांगितलेल्या मापावर तपासा. अंदाजाने आवळू नका. बेसचे स्क्रू रिंगांखाली झाकलेले असतात म्हणून कोणी बघत नाही, आणि बहुतेकदा तेच सैल असतात. मग एक डॉलरची नोट नळी आणि स्टॉकच्या पुढच्या भागामध्ये घालून चेंबरकडे (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या टोकाकडे) सरकवा. नळी मोकळी असावी अशी रायफलची रचना असेल तर नोट कुठेही अडकता कामा नये. रायफल सँडबॅगवर ठेवून, प्रत्यक्ष मारताना जितका भार पडतो तितका देऊनही पाहा; स्वस्त प्लास्टिकचे स्टॉक मोकळे असताना नळीला लागत नाहीत, भार पडला की लागतात. पट्ट्याची पुढची कडी सँडबॅगला आपटते का, तेही बघा.

नळीच्या तोंडाची कड, जिला क्राऊन म्हणतात, ती कापसाच्या काडीने आतून बाहेर फिरवून तपासा. कापूस कुठे अडकला तर तिथे ओरखडा आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) नळीला टांगायच्या प्रकारचा असेल तर ग्रुप मोजताना तो काढून ठेवा. नळीच्या तोंडाशी टांगलेलं वजन तिचं कंपन बदलतं, गोळ्या दुसरीकडे पडतात आणि कधी ग्रुपचा आकारही बदलतो. बेंचवर ठेवायच्या रडारच्या यंत्राला हा दोष नाही.

नळीतलं जुनं तांबं

साध्या गोळ्यांचं आवरण तांब्या-जस्ताचं असतं आणि बार्न्सची गोळी जवळजवळ शुद्ध तांब्याची. जुन्या थरावर नवी गोळी मारली की कित्येक नळ्या रुसतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीला आलेली मूळची बार्न्स एक्स गोळी नळीत खूप तांबं सोडायची, आणि तांब्याच्या गोळ्यांना जी बदनामी चिकटली ती तिथली. नंतरच्या टीएसएक्स आणि टीटीएसएक्सच्या अंगावर खाचा आहेत. आट्यांनी दाबलेलं तांबं त्या खाचांत सरकतं, त्यामुळे घर्षण आणि नळीत बसणारं तांबं दोन्ही पुष्कळ कमी झालं. तरी सुरुवात स्वच्छ नळीनेच करा.

तांबं काढणारं सॉल्व्हंट लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पॅचवर (नळीतून फिरवायच्या कापडाच्या तुकड्यावर) निळा-हिरवा रंग येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. रॉडच्या टोकाचा, पॅच धरणारा जॅग पितळी असेल तर सॉल्व्हंट त्यालाच खातं आणि पॅच कायम निळा येतो. मग माणूस स्वच्छ नळी घासत बसतो. प्लास्टिकचा किंवा निकेलचा जॅग घ्या. दोन वेगवेगळी सॉल्व्हंट एकत्र करू नका. आणि धातूपर्यंत साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या भटकतात, त्या ग्रुपमध्ये धरायच्या नाहीत. हंगामातही साफ नळी घेऊन जंगलात जाऊ नये, तीन-चार गोळ्या मारलेली नळी घेऊन जावं.

उडी

आता मुख्य मुद्दा.

काडतूस चेंबरमध्ये बसलं की गोळीचा पूर्ण व्यासाचा भाग जिथे संपतो आणि टोकाकडे निमुळता व्हायला लागतो, ती जागा आणि नळीतल्या आट्यांची सुरुवात यांच्यात थोडं अंतर असतं. गोळी केसमधून (काडतुसाच्या पितळी कवचातून) सुटते, तेवढं अंतर मोकळी उडी मारते आणि मग आट्यांत शिरते. शिशाच्या गाभ्याच्या गोळ्या, विशेषतः लक्ष्यवेधाच्या, उडी लहान असताना चांगल्या चालतात: १० ते २० हजारांश इंच, काही तर आट्यांना टेकवून. आपण सगळे हेच शिकतो, आणि तांब्याची गोळीही तशीच बसवतो. तिथेच गाडं अडतं.

तांब्याची गोळी कठीण असते. आट्यांना तिच्यात खाच पाडायला जास्त जोर लागतो. ती आट्यांना टेकून असेल तर जागची हलण्याआधीच दाब वाढतो, आणि केसच्या मानेची गोळीवरची पकड व आट्यांशी टेकणं यात जो किरकोळ फरक प्रत्येक काडतुसात असतो, त्याचा परिणाम मोठा होतो. एक काडतूस असं, दुसरं तसं. लांब उडी दिली की गोळी आधी वेग घेते आणि मग आट्यांत शिरते, आणि तो फरक बुजतो. बार्न्सचा स्वतःचा सल्ला किमान ५० हजारांश इंच उडीपासून सुरू करण्याचा आहे. मी तर त्याहून जवळ जाऊच नका म्हणेन. कित्येक रायफलींना ८० किंवा १०० हजारांशावरच शांतता मिळते, काहींना त्याच्याही पलीकडे. हा आकडा शिशाच्या गोळ्यांत मुरलेल्या माणसाला अविश्वसनीय वाटतो, आणि तो करून न पाहताच गोळी नापास होते.

मोजायचं कसं? आट्यांपर्यंतचं अंतर मोजायचं साधन मिळतं: एक दांडा, त्याला लावायची भोक पाडलेली केस, आणि त्यात हाताने पुढे ढकलायची गोळी. ती हलक्या हाताने आट्यांना टेकेपर्यंत ढकला, स्क्रू आवळा, बाहेर काढा आणि कॅलिपरला कंपॅरेटर (गोळीच्या टोकाऐवजी पूर्ण व्यासाच्या जागेवर टेकणारा जोड) लावून केसच्या बुडापासून गोळीच्या निमुळत्या भागाच्या सुरुवातीपर्यंत मोजा. टोकापर्यंत मोजू नका. टीटीएसएक्सचं टोक प्लास्टिकचं असतं आणि दोन गोळ्यांच्या टोकांत काही हजारांशांचा फरक सहज असतो. पाच-सहा वेळा मोजा. जोरात ढकलली तर गोळी आट्यांत घुसते आणि माप लांब येतं, म्हणून ज्या आकड्यावर मापं जमतात तो धरा, सर्वांत लांब नव्हे. हे माप याच गोळीचं आणि याच रायफलचं. दुसऱ्या कुणाचा आकडा उपयोगी नाही, आणि तुमचा त्याला नाही.

मग पावडर तक्त्याच्या खालच्या भागातलं एकच वजन धरा आणि बदलू नका. उडी ५०, ७०, ९०, ११० आणि १३० हजारांश अशी पाच टप्प्यांत ठेवा. प्रत्येक टप्प्याच्या तीन गोळ्या मारून जे उघड वाईट आहेत ते बाद करा, आणि उरलेल्या दोनांवर वर सांगितल्याप्रमाणे ट्रेसिंग पेपरवर दहा-बारा भोकं जमवा. गोळी खोल गेली की केसमधली जागा कमी होते आणि दाब थोडा वाढतो, म्हणून वजन खालचं घ्यायचं. .३०-०६ च्या काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच ठरलेली आहे, आणि मॅगझिनमध्ये तेवढंच मावतं. पुष्कळ रायफलींत त्या लांबीतच उडी ५० हजारांशांहून जास्त भरते. तसं असेल तर तिथूनच सुरुवात करून आत जा.

टप्प्यांमध्ये फरकच दिसला नाही तर? तर रायफलला उडीची पर्वा नाही, आणि ही चांगली बातमी आहे. मॅगझिनमध्ये नीट मावेल ती लांबी धरा आणि पुढे चला.

प्रेसवर लपलेले दोष

उडी ठरवली तरी प्रत्येक काडतुसात ती तितकीच राहत नसेल तर काही उपयोग नाही. भरलेली दहा काडतुसं कंपॅरेटरने मोजा. २ हजारांशांच्या आत फरक असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर आधी सीटिंग डायच्या (गोळी केसमध्ये दाबून बसवणाऱ्या साच्याच्या) आतली दांडी पाहा. जुन्या डायमधली दांडी बोथट गोळ्यांसाठी केलेली असते; टीटीएसएक्ससारखी लांब, अणकुचीदार गोळी तिच्या खळग्यात शिरते आणि दांडी तिच्या प्लास्टिकच्या टोकावर टेकते. टोक चेपतं, आणि प्रत्येक गोळी वेगळ्या खोलीवर बसते. बसवलेल्या गोळीचं टोक वाकलेलं किंवा चपटं दिसत असेल तर हेच. लांब गोळ्यांसाठीची दांडी वेगळी मिळते, बहुतेक डाय बनवणारे देतात.

दुसरा दोष फार थोड्यांना माहीत असतो. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते आणि केसमध्ये जास्त जागा खाते. .३०-०६ मध्ये ४३५० च्या वर्गातली सावकाश जळणारी पावडर भरली की तक्त्याच्या वरच्या भागात ती गोळीखाली दाबली जाते. दाबलेली पावडर गोळीला हळूहळू परत बाहेर ढकलते. संध्याकाळी भरलेलं काडतूस दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. ५-१० हजारांश लांब झालं असेल तर ग्रुप का टिकत नाही याचं उत्तर मिळालं. केसच्या मानेची पकड वाढवा, पावडर फनेलमधून लांब नळीने सावकाश ओता म्हणजे ती दाटून बसते, किंवा तक्त्यातली कमी जागा घेणारी दुसरी पावडर निवडा. आणि हो, एच४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आकडा एकच असला तरी एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही.

गोळीवरच्या खाचांमुळे मानेत प्रत्यक्ष पकड मिळणारा भाग कमी असतो, म्हणून मान एकसारखी असणं इथे जास्त महत्त्वाचं. केस एकाच कंपनीच्या आणि तितक्याच वेळा वापरलेल्या घ्या, २.४८४ इंचावर कापा, आतली कड नीट घासा म्हणजे तांबं खरवडलं जाणार नाही. सैन्याच्या जाड केस यात मिसळू नका. त्यांत जागा कमी, त्यामुळे दाब जास्त. केसचं तोंड एखाद्या खाचेवरच आलं पाहिजे असं नाही, उडी जिथे नेईल तिथे गोळी बसवा.

वजनकाटाही बघा. इलेक्ट्रॉनिक काटा आधी तापू द्या, दर दहा-पंधरा काडतुसांनी तपासणीचं वजन ठेवून पाहा, आणि एसीचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका.

वेगाच्या आकड्यांची भुरळ

क्रोनोग्राफ आला की सगळं लक्ष वेगातल्या फरकाकडे जातं. शंभर यार्डांवर त्याचं महत्त्व किती? .३०-०६ ची गोळी २७५० फूट प्रति सेकंद वेगाने सुटली तर शंभर यार्डांवर ती नळीच्या रेषेपासून साधारण अडीच इंच खाली येते. वेगात ३० फुटांचा फरक पडला तर त्यात इंचाच्या विसाव्या भागाएवढा फरक पडतो. म्हणजे शंभर यार्डांवरचा दोन इंचांचा ग्रुप वेगातल्या फरकामुळे आलेला नाही, आणि पावडर दशांश ग्रेनने कमी-जास्त करून तो बरा होणार नाही. तीनशे यार्डांवर हाच फरक अर्धा-पाऊण इंच होतो. तेव्हा विचार करावा.

क्रोनोग्राफचा खरा उपयोग सुरक्षेसाठी. वेग तक्त्यातल्या कमाल वेगापर्यंत पोहोचला की दाबही पोहोचला, मग पावडर कितीही कमी भरलेली असो. बोल्ट उचलायला जड जाणं, केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, ही चिन्हं तर फार उशिरा दिसतात. ती दिसली की तो लोड तिथेच थांबवायचा, उरलेली काडतुसं मारायची नाहीत, खोलायची.

कॅलिफोर्नियात याला आणखी एक बाजू आहे. किनाऱ्याकडच्या ए झोनमध्ये (हरणाच्या शिकारीसाठी आखलेल्या विभागात) रायफलचा हरणाचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, आणि तेव्हा तिथल्या डोंगरांत ३८-४० अंश सेल्सिअस असतं. जानेवारीत धुक्यात, ८-१० अंशांत तयार केलेला लोड तेव्हा वेगळाच वागू शकतो. एच४३५० तापमानाला फारशी दाद देत नाही, म्हणून ती इतकी लोकप्रिय आहे. काही पावडरींचा दाब मात्र उन्हात चांगलाच चढतो. लोड कोणताही असो, कडक उन्हाच्या दिवशी एकदा मारून पाहा, आणि काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

कुठे थांबायचं

हरणाच्या छातीतला मर्माचा भाग सुमारे ८ इंच व्यासाचा. दहा-बारा भोकांचा तुमचा एकत्र ग्रुप शंभर यार्डांवर दीड मिनिट ऑफ अँगल (कोनाचं माप), म्हणजे साधारण १.५७ इंच असेल, तर तीनशे यार्डांवर तो पावणेपाच इंचांच्या आत राहतो. शिकारीसाठी हे पुरेसं आहे, आणि हा खरा आकडा आहे, पाकिटात जपून ठेवलेल्या तीन भोकांचा नाही. इथून पुढे गोळ्या बेंचवर खर्च करू नयेत. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारण्यात खर्च कराव्यात, कारण तिथला आपला ग्रुप बेंचवरच्या ग्रुपच्या कित्येक पट मोठा असतो आणि जनावराला वेदना त्याच्यामुळे होतात, रायफलमुळे नाही.

एवढं करूनही ग्रुप अडीच इंचांवरच अडला, तर आट्यांचा पीळ मोजा. क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच लावा, रॉडवर खूण करा, आणि खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत रॉड किती इंच आत गेला ते पाहा. .३०-०६ मध्ये सहसा १० इंचांत एक फेरा असतो, आणि तो १६८ ग्रेनला पुरतो. जुन्या किंवा बदललेल्या नळीत १२ निघाला, तर इतकी लांब गोळी थंड, दाट हवेत नीट स्थिर होईलच असं नाही. लक्ष्यावरची भोकं गोल न दिसता किंचित लांबट दिसू लागतात. तेव्हा मात्र हट्ट सोडून १५० किंवा १३० ग्रेनच्या गोळीवर यावं. तांब्याची गोळी वजन टिकवून ठेवते, त्यामुळे तिच्यात एक पायरी खाली उतरल्याने हरणाच्या शिकारीत काही कमी पडत नाही.

लोड ठरला की डब्यावर गोळी, पावडर आणि तिचा लॉट, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), केस, कंपॅरेटरचं माप आणि तापमान लिहून ठेवा. पावडरचा नवा लॉट उघडला की वजन पुन्हा खालून वर आणा. उडी तीच राहू द्या. नळीचा घसा (आटे सुरू होतात ती जागा) झिजेपर्यंत ती सहसा बदलावी लागत नाही, आणि शिकारीच्या .३०-०६ मध्ये त्याला फार वर्षं लागतात.